त्सेदाका म्हणजे देणं

गावातल्या मदतनिधीचं काम पाहणाऱ्या एका कार्यकर्त्यानं विचारलं आहे: ‘आमच्याकडे औषधपाणी आणि पोरांच्या शिक्षणासाठी पैसे जमतात. पण वाटायची वेळ आली की भांडणं होतात आणि घेणारा मान खाली घालून जातो. ज्यू लोक ज्याला त्सेदाका म्हणतात तो आपला दानधर्मच ना? आणि एवढासा समाज आपल्या गरिबांची जबाबदारी नेमकी वाटून कशी घेतो?’

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आहे. घराणं रायगडातलं, आडनाव गावावरून पडलेलं, घरची भाषा मराठी. एका सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, मदतनिधीचं काम मी सत्तावीस वर्षं पाहिलं. आधी नुसता वह्या लिहायचो, पुढे चौगुला झालो. (आमच्याकडे सिनेगॉगच्या प्रमुखाला मुकादम आणि त्याच्या जोडीच्या कारभाऱ्याला चौगुला म्हणायची जुनी रीत आहे. गावगाड्यातले हे शब्द पूर्वजांनी तसेच देवळात नेले.) त्यामुळे उत्तर थोडं ग्रंथातलं आणि थोडं वहीतलं असेल. लांबेल, पण प्रश्नही लहान नाही.

आधी शब्द पाहू. ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय, आणि त्याच धातूपासून ‘त्सेदाका’. आपल्या कोकणातले मुसलमान शेजारी ‘सदका’ म्हणतात, तो याच घरचा शब्द. हिब्रूत दया, माया, उपकार यांना वेगळे शब्द आहेत. गरिबाला जे द्यायचं त्याला मात्र न्यायाच्या घरातला शब्द लावलेला आहे. तोरा हा आमचा मूळ धर्मग्रंथ. तिच्या पाचव्या पुस्तकात न्यायाधीशांना सांगितलंय, ‘न्याय, न्यायाचाच पाठलाग कर’, आणि त्याच पुस्तकात गरीब भावापुढे मूठ आवळू नकोस अशी आज्ञा आहे. हा संबंध सांगायला मराठीत एक फार चांगला शब्द आहे: देणं. देणं म्हणजे देण्याची क्रिया आणि देणं म्हणजे डोक्यावरचं कर्ज. दान केलं की लोक नाव घेतात. वाण्याचं देणं फेडलं म्हणून कोणी हार घालत नाही आणि वाणीही त्यासाठी मान खाली घालत नाही. त्सेदाका हे या दुसऱ्या अर्थाचं देणं आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. पण हे नुसतं बोलून होत नाही, त्याची व्यवस्था लावावी लागते. ज्यू परंपरेचं खरं काम त्या व्यवस्थेत आहे.

सुरुवात शेतापासून होते. कापणी करताना शेताचा कोपरा सोडायचा. कणसं हातातून गळली तर ती गरिबाची. एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला माघारी जायचं नाही. बायबलच्या गोष्टीतली सरवा वेचणारी गरीब विधवा रूथ बोआजच्या शेतात येते ती याच कायद्याच्या आधारावर. तिथं वेचायला मिळणं ही कोणाची मेहेरबानी नव्हती, सरवा तिचा हक्कच होता. पुढे साधारण इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना हा कायद्याचा संग्रह तयार झाला. त्यातला एक अख्खा भाग या कोपऱ्यावर आहे. कोपरा एक साठांशाहून कमी नसावा असं तिथं म्हटलंय. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कोपरा कोणत्या गरिबाला मिळावा हे ठरवायचा अधिकार शेतमालकाला नाही. जो येईल तो घेईल. ‘माझ्या मर्जीतला गरीब’ ही भानगडच मुळात काढून टाकली. आणि कोपरा शेताच्या शेवटाला का सोडायचा, तर तलमूदमध्ये (मिश्नेवर पंडितांनी केलेल्या चर्चेचा मोठा ग्रंथ) दिलेल्या कारणांपैकी एक असं: मालक कधी, कुठला भाग सोडेल याची वाट पाहत गरिबानं दिवसभर बांधावर बसून राहू नये. त्याचाही वेळ जातो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आमचा बाहेरचा बाक आठवला. मुकादमांना सवड होईपर्यंत माणसं तिथं तासन्‌तास बसायची. पुढच्याच महिन्यात आम्ही वेळ ठरवून दिली आणि ती पाळली.

शहरात शेताचे कोपरे नसतात. तिथं दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक ‘तम्खुई’, म्हणजे रोजचं अन्न: घरोघरून गोळा करायचं आणि त्याच दिवशी वाटायचं. दुसरी ‘कुप्पा’, म्हणजे पेटी: पैसे जमवायचे आणि दर शुक्रवारी आठवड्याच्या खर्चापुरते गरिबांना द्यायचे. ज्याच्याकडे दोन वेळचं जेवण आहे त्यानं तम्खुईतून घेऊ नये, ज्याच्याकडे चौदा वेळचं आहे त्यानं कुप्पातून घेऊ नये. बाराव्या शतकातला थोर विद्वान मोशे बेन मैमोन, ज्याला आम्ही रांबाम म्हणतो (११३८ ते १२०४, जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा, हयात गेली इजिप्तमध्ये), तो लिहून ठेवतो की कुप्पा नसलेली ज्यूंची वस्ती आपण कधी पाहिली नाही आणि ऐकलीही नाही.

आता तुमच्या भांडणांकडे येतो. कुप्पासाठी पैसे गोळा करायला दोघांनी जायचं, वाटायला तिघांनी बसायचं. दोघं का? कारण हे पैसे मागणं म्हणजे लोकांवर सत्ता चालवणं आहे आणि ती एकट्याच्या हाती नको. तिघं का? कारण पैशाच्या दाव्याचा निवाडा तिघांचं न्यायपीठ करतं. कोणाला किती द्यायचं हा निवाडाच आहे. हा एक नियम समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. वाटप करणारे दाते नव्हेत, उपकारकर्तेही नव्हेत. ते न्यायाला बसलेले असतात आणि समोर आलेला माणूस आपली बाजू घेऊन आलेला असतो.

गोळा करणाऱ्या दोघांनी रस्त्यात एकमेकांपासून दूर जायचं नाही. वाटेत नाणं सापडलं तर ते आपल्या खिशात न टाकता पेटीत टाकायचं, घरी गेल्यावर वेगळं काढायचं. मोजताना नाणी दोन-दोन न मोजता एकेक मोजायची, म्हणजे बघणाऱ्याला शंका नको. जेरुसलेमच्या मंदिराच्या कोषातून पैसे काढायला आत जाणाऱ्यानं दुमड शिवलेलं वस्त्र किंवा जोडा घालू नये, असाही नियम होता. हा माणूस पुढे श्रीमंत झाला तर लोक म्हणणार, कोषातून घेतलं. गरीब झाला तर म्हणणार, चोरल्याचं फळ मिळालं. देवापुढे निर्दोष असून भागत नाही, माणसांपुढेही असायला हवं. सत्तावीस वर्षांत मी एकदाही एकट्यानं पेटी उघडली नाही. पाऊस असो, सण असो, दुसरा आला नाही तर पेटी बंद.

आणि ही वर्गणी खुशीची नाही. तलमूदमध्ये रावा नावाचा पंडित एका श्रीमंताकडून चारशे झूझ (त्या काळची चांदीची नाणी) सक्तीनं वसूल करतो. गावात राहायला आलेल्या माणसावर जबाबदारी कशी चढत जाते, त्याचं कोष्टकच दिलंय: तीस दिवस राहिला की रोजच्या अन्नाला हातभार, तीन महिने झाले की पेटीला, सहा महिन्यांनी कपड्यांच्या निधीला, नऊ महिन्यांनी अंत्यविधीच्या निधीला, बारा महिन्यांनी गावाच्या तटबंदीला. मला हे कोष्टक फार आवडतं. नव्या माणसाला आल्या आल्या ओझं नाही. पण महिनाभर या गावचं पाणी प्यालास ना, मग इथल्या उपाशी माणसाशी तुझा संबंध आला. आणि क्रम पाहा: भूक पहिली, तट शेवटी.

तपासणीबद्दलही वाद झालाच. एक पंडित म्हणाला, अन्न मागणाऱ्याची चौकशी करा, कपडे मागणाऱ्याची नको. उघड्या माणसाची विटंबना होते. दुसरा म्हणाला, उलट: कपड्यांची चौकशी करा, पण भुकेल्याला आधी वाढा, उपाशी माणूस त्रास सोसतोय. परंपरेनं दुसऱ्याचं मानलं. आमच्या निधीत आजही रेशन आणि औषध विनाचौकशी, त्याच दिवशी. घरदुरुस्ती, फी, कर्ज यांना कागद लागतात. कोणी फसवून चार किलो तांदूळ नेले असतील तर नेले. एवढी किंमत मी आनंदानं मोजतो.

आता लाजेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त लागलेला शब्द ‘मान खाली घालून’ हा आहे. रांबामनं त्सेदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. जगभर लोक त्या भिंतीवर टांगतात. सगळ्या इथं मोजत बसत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर तो आहे जो देतो पण कुरकुरत देतो. त्याच्यावर, कमी देतो पण हसतमुखानं देतो तो. मग मागितल्यावर देणारा, त्याच्यावर मागायच्या आधी देणारा. पुढच्या पायऱ्यांवर देणारा आणि घेणारा एकमेकांना कमी कमी ओळखतात, शेवटी अजिबात ओळखत नाहीत. तुमच्या लक्षात येईल की रक्कम हा या चढणीचा मापदंडच नाही. मापदंड आहे घेणाऱ्याची मान. आणि सगळ्यात वरची पायरी? पडणाऱ्याचा हात धरणं: भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याला अशा जागी उभं करणं की मागायची वेळच येऊ नये. तिथं देणारा-घेणारा उरतच नाहीत, दोन भागीदार उरतात.

या बाबतीत आमची एक चूक सांगतो. मी नवा होतो. हिशोब उघड असावा म्हणून आम्ही पेसाखच्या सणाआधी कोणाला किती मात्सा (त्या सणाची बिनखमिराची भाकरी), तेल, रोख दिलं त्याची नावानिशी यादी फळ्यावर लावली. हेतू चांगला होता. एका निवृत्त गिरणी कामगाराचं कुटुंब त्या शनिवारपासून प्रार्थनेला यायचं बंद झालं. त्यांच्या मुलीनं म्हणे शाळेतल्या मैत्रिणीच्या तोंडून आपल्या घरचा आकडा ऐकला. आम्ही दोघं घरी जाऊन माफी मागून आलो, तरी त्यांना परत यायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून एकूण जमा आणि एकूण खर्च फळ्यावर, नावं एका वहीत, आणि ती वही तिघांशिवाय कोणी पाहत नाही. पारदर्शकता पैशाची असते, माणसाची नव्हे, हे मी तिथं शिकलो.

खरं तर हे शिकायला फळ्याची गरज नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वी असंच झालेलं होतं. मेलेल्याला भरजरी वस्त्रांत पुरायची चाल इतकी वाढली की खर्च मरणापेक्षा जड व्हायला लागला. नातेवाईक प्रेत टाकून पळून जाऊ लागले. तेव्हा रब्बान गमलिएल, त्या काळचा सगळ्यात मानाचा माणूस, त्यानं सांगून ठेवलं की मला साध्या तागाच्या कापडात पुरा. त्याला तसं पुरलं आणि चालच बदलली. आजही आमच्याकडे कफन सगळ्यांचं एकच, पांढरं, साधं, बिनखिशाचं. मिश्नेत तरुण मुलींच्या नाचाचं वर्णन आहे: आव महिन्याच्या पंधराव्या दिवशी जेरुसलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत जात, आणि सगळ्यांनी उसने कपडे घालायचे असा दंडक होता. श्रीमंताच्या मुलीनंही. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना कमीपणा नको म्हणून. गरिबाला वर आणून बरोबरी करता येत नसेल तेव्हा श्रीमंतानं खाली उतरून बरोबरी करायची, हा मार्ग मला आपल्या लग्नसराईच्या दिवसांत वारंवार आठवतो.

किती द्यायचं यालाही मर्यादा घातल्या. दहावा हिस्सा मध्यम, पाचवा हिस्सा उत्तम. आणि उषा या गावी जमलेल्या पंडितांनी ठरवलं की पाचव्या हिश्शाहून जास्त कोणी उधळू नये, नाहीतर उद्या तोच पेटीपाशी येईल. घेणाऱ्याच्या बाजूनं मात्र ‘त्याला जे उणं आहे ते भरून निघेल इतकं’ असं माप. म्हणून हिलेल या मिश्नेच्याही आधीच्या थोर पंडिताची गोष्ट येते. चांगल्या घराण्यातला एक माणूस गरीब झाला होता. त्याला बसायला घोडा आणि पुढे धावायला नोकर लागे. हिलेलनं घोडा मिळवून दिला. एकदा नोकर मिळाला नाही तर तीन मैल तो स्वतः पुढे धावला. लोक या गोष्टीवर नाक मुरडतात. घोडा ही काय गरज आहे? मी एवढंच म्हणेन की गरज ठरवायला बसलेला माणूस फार लवकर दुसऱ्याच्या ताटातली भाजी मोजायला लागतो. वही माझ्या हातात होती तेव्हा मीही हे केलेलं आहे.

कर्जाचा विषय मात्र मला नीट मांडायचाय, कारण गावातल्या निधीला याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. तोरा गरीब भावाकडून व्याज घ्यायला मनाई करते. तलमूद म्हणतं, दान देणाऱ्यापेक्षा कर्ज देणारा मोठा, आणि त्याहून मोठा तो जो भांडवल घालून भागीदार होतो. पण इथं एक पेच होता. दर सातव्या वर्षी कर्जं माफ होत. मग सहावं वर्ष लागलं की सावकार हात आखडता घ्यायचे, आणि मार बसायचा गरिबालाच. ज्याच्या रक्षणासाठी कायदा केला त्याच्याच गळ्याशी तो आला. तेव्हा हिलेलनं ‘प्रोझबुल’ नावाचा दस्त काढला: कर्ज न्यायालयाच्या हवाली करायचं, म्हणजे ते माफ होत नाही आणि कर्ज मिळत राहतं. मिश्नेत याचं कारण ‘तिक्कून ओलाम’ असं दिलंय, म्हणजे जगाची घडी नीट बसवणं. आज अमेरिकेत हाच शब्द सगळ्या समाजकार्याला लावतात, आणि त्या भावनेतून मोठी कामंही झाली. १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा इथं काळ्यांच्या मताधिकारासाठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर रब्बी (ज्यू धर्मगुरू) अब्राहाम योशुआ हेशेल चालले. पण मला शब्दाचा जुना अर्थ जास्त उपयोगी वाटतो. चांगला कायदा वाईट फळ देऊ लागला तर कायद्याचा हेतू धरून त्याचं कलम बदलायचं धाडस त्यात आहे.

बिनव्याजी कर्ज देणाऱ्या निधीला ‘गेमाख’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली स्थलांतरितांसाठी सुरू झालेली अशी एक संस्था आजही चालू आहे. आमचा तुकडा लहान. एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका पोराला हत्यारांसाठी कर्ज दिलं, अठरा हप्त्यांत. सातव्या हप्त्याला तो अडकला, आईचं आजारपण निघालं. जामीन राहिलेल्या दोघांना आम्ही बोलावलं. पैसे वसूल करायला नव्हे, तर त्याला काम कुठून मिळेल ते शोधायला. त्यांनीच दोन सोसायट्यांची वार्षिक कामं आणून दिली. हप्ते एकोणिसाव्या महिन्यात संपले. जामीनदार म्हणजे धमकी नव्हे, हे या पद्धतीचं मर्म आहे.

आणि इथंच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्यूंची सामूहिक जबाबदारी एका वाक्यात सांगतात: ‘कोल इस्राएल आरेविम झे बा-झे’. सारे इस्राएल एकमेकांना आरेव. आरेव म्हणजे जामीन. हिशोबाच्या, कर्जरोख्याच्या दुनियेतला शब्द. आपण सगळे भाऊ आहोत, असं तो म्हणत नाही. भाऊ भावाला टाळू शकतो. जामिनाला टाळता येत नाही, त्याची सही असते. तलमूदमध्ये पुढे जाऊन म्हटलंय की ज्याला घरातल्यांना रोखता आलं असतं आणि त्यानं रोखलं नाही तो घराच्या दोषात धरला जाईल. गावाला रोखता आलं असतं तो गावाच्या. साऱ्या जगाला, तो जगाच्या. जितकी तुमच्या शब्दाला किंमत, तितका तुमचा वाटा.

याचं सगळ्यात हलवून टाकणारं रूप एका विचित्र विधीत आहे. शिवारात एखादा खून झालेला माणूस सापडला आणि मारेकरी कळला नाही, तर काय करायचं? आजूबाजूच्या गावांची अंतरं मोजायची. सगळ्यात जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी कधी जुंपली नाही अशी कालवड ओढ्याकाठी न्यायची, तिची मान मोडायची, हात धुवायचे आणि म्हणायचं, ‘आमच्या हातांनी हे रक्त सांडलेलं नाही.’ मिश्ना विचारते: गावचे वडीलधारे खुनी असतील असं कोणाच्या तरी मनात येईल का? मग ते असं का म्हणतात? आणि उत्तर देते: त्यांना म्हणायचंय, हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला बिनअन्नाचा पाठवला, असं झालं नाही, आम्ही त्याला पाहिलं आणि सोबत न देता जाऊ दिलं, असंही झालं नाही. हे ज्यांना म्हणता येत नाही त्यांचे हात स्वच्छ नाहीत. कालवडीचा विधी कधीच बंद पडला. अंतर मोजण्याची सवय मी सोडलेली नाही. आमच्या वस्तीत एक म्हातारा खोलीत मरून पडला आणि तीन दिवसांनी कळलं, तेव्हा मी सिनेगॉगपासून त्याच्या दारापर्यंत चालत गेलो. चार मिनिटं. त्या आठवड्यापासून एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला रोज सकाळी एक फोन जातो. इस्राएलमध्ये १९९८ साली झालेल्या कायद्याचं नावच ‘शेजाऱ्याच्या रक्तापाशी उभा राहू नकोस’ या तोरेच्या आज्ञेवरून ठेवलंय; अचानक जिवावर बेतलेल्या माणसाला शक्य ती मदत करणं तिथं कायद्यानं बंधनकारक आहे.

पण मी इथंच थांबलो तर तुम्हाला अर्धं सांगितल्यासारखं होईल. ‘एकमेकांना’ या शब्दात कोण येतं, हा प्रश्न आमच्यावरही उलटलेला आहे. १९४८ नंतर आमचे हजारो लोक इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं सूचना काढली की बेने इस्राएल माणसाचं लग्न इतर ज्यूशी लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळला, घाणा बंद ठेवला, म्हणून लोकांनी ‘शनवार तेली’ नाव दिलं. आणि आता स्वतःच्याच लोकांत आमचं ज्यू असणं संशयात. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, आठवडेच्या आठवडे. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क बरोबरीचे आहेत, आणि धर्मपीठाला ती सूचना बदलावी लागली. दया मागायला ते बसले नव्हते. आपली सही असलेला कागद दाखवत होते.

तो विजय सांगताना मी पुढचंही सांगतो, नाहीतर माझंच मन मला खाईल. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पिढ्यान्‌पिढ्या होता. ज्यांच्या आया बाहेरच्या मानल्या गेल्या त्यांच्याशी रोटीबेटी होत नसे. धर्मपीठाच्या सूचनेनं आम्हाला जे वाटलं ते आमच्याच काळ्या भावांना आम्ही किती काळ वाटू दिलं?

आणि ससून. पुण्यातलं ससून रुग्णालय, मुंबईतलं डेव्हिड ससून ग्रंथालय, ही नावं तुम्ही रोज घेता. बगदादहून मुंबईला आलेलं हे ज्यू घराणं. गरिबांसाठी त्यांनी जे उभं केलं त्याचा उपयोग आजही होतो. त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. तलमूद म्हणतं, पापातून आलेलं पुण्यकर्म हे पुण्यकर्म नव्हे. मग रुग्णालय पाडायचं का? नाही. पण त्सेदाका जर न्याय असेल तर वाटपाइतकाच मिळकतीचा हिशोबही त्यात येतो. किप्पूरच्या उपासाच्या दिवशी सकाळी यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. तो उपाशी बसलेल्यांनाच विचारतो: उपास धरता आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवता? अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतलं देणं, हा खरा उपास. आमच्याकडे कोकणात किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा सण’ म्हणत, आणि त्या दिवशी गरिबांना वाटायची चाल होती. वाटणं सोपं. मजुरांचं वाक्य ऐकणं अवघड.

आपले आधी की परके आधी, हेही तुमच्या मंडळात निघेलच. नियम असा: घरचा गरीब, मग गावचा, मग परगावचा. पण तलमूदमध्ये स्पष्ट सांगितलंय की ज्यू नसलेल्या गरिबालाही ज्यू गरिबाबरोबरच पोसायचं, शांततेच्या वाटा खुल्या राहाव्यात म्हणून. क्रम म्हणजे दार बंद करणं नव्हे. आमच्या पेटीतला वीसातला एक वाटा शेजारच्या वस्तीसाठी ठेवलेला असतो आणि तो कितीही अडचण आली तरी आमच्यात खर्च होत नाही.

तुमच्या निधीत लगेच करण्यासारखं सांगायचं तर: गोळा करायला दोघं, ठरवायला तिघं, आणि नावांची वही बंद. रेशन-औषध लगेच, बाकीचं कागद पाहून. जमेल तितकं कर्जाच्या रूपात, बिनव्याजी, जामिनासह. आणि मदत घेणाऱ्यालाही पेटीत टाकू द्या. तलमूदचा नियम आहे की त्सेदाकावर जगणाऱ्या गरिबानंही त्सेदाका द्यायची. लोकांना हा क्रूरपणा वाटतो. मला सुरुवातीला वाटायचा. मग एक बाई, ज्यांचा दरमहा किराणा आमच्याकडून जायचा, दर शुक्रवारी येऊन पेटीत दोन रुपये टाकायच्या आणि ताठ मानेनं बाकावर सगळ्यांशी बोलत बसायच्या. मुलगा नोकरीला लागल्यावर त्यांचा किराणा बंद झाला आणि वाटपाच्या तिघांत आम्ही त्यांनाच घेतलं.

पहिल्याच बैठकीत त्यांनी आमचा छापील अर्ज उलटसुलट करून पाहिला. त्यात एक रकाना होता, ‘मदतीची वेळ का आली?’ त्यांनी विचारलं, ‘हे कशाला हवंय तुम्हाला? किती लागतं आणि कधी लागतं, एवढं पुरे नाही का?’ आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. पुढच्या छपाईत तो रकाना काढला.